पंखातला रुपया

ज्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांशिवाय जगात कुणाचंच खरं वाटत नाही, त्याच्याबरोबर तीस वर्षं काढणं म्हणजे काय, ते गयाबाईंना विचारावं. कडी लावली म्हटलं तरी शामराव उठून कडी हलवून बघणार. दूध उतू गेलं नाही म्हटलं तरी शेगडीपाशी येऊन पातेल्यात डोकावणार. एकदा तर गयाबाईंचा भाऊ मूर्तिजापूरहून आला, दारातूनच त्यानं हाक मारली, आणि हे आतून विचारतात, "कोण?" गयाबाईंनी सांगितलं, माझा भाऊ. तरी बाहेर येऊन, चष्मा लावून, वरपासून खालपर्यंत बघून मगच म्हणाले, "अच्छा, दादाराव. या."

"नाही तर काय दुसऱ्या कोणाचा भाऊ आणला असता मी?" गयाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. शामरावांनी त्यावर काही म्हटलं नव्हतं. न बघितलेल्या गोष्टीवर ते बोलत नसत.

नोकरीच तशी, असं लोक म्हणत. शामराव रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर. कधी ट्रॉलीवर, कधी पायी, मैलोन् मैल रूळ बघायचे, सांधा न् सांधा, आणि जो बघितला त्याच्यापुढे वहीत बरोबरची खूण, तारीख आणि सही. न बघितलेल्या सांध्यापुढे सही नाही, मग डोक्यावर मोठा साहेब उभा का असेना. त्यापायी दोन बढत्या उशिरा मिळाल्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. गयाबाईंनाही होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. नवऱ्याला तोंडावर चांगलं म्हटलं की तो बिघडतो, असा त्यांचा अनुभव नव्हता, पण अंदाज होता.

बरं, रुळांचं ते रुळांशी ठेवावं. पाखरांना कशाला?

पाखरांचं खूळ लखनौला, आलमबागच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्यावर लागलं. नक्खासच्या इतवारी बाजारात, जुन्या पितळी भांड्यांच्या ढिगाशेजारी, त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं. जाडजूड, कोपरे उंदरांनी कुरतडलेलं. पुढे सगळी रंगीत चित्रं आणि मागे सगळा मजकूर. एकेका पानावर दहा-दहा पाखरं बसलेली, प्रत्येकाच्या पायाशी आकडा. तो आकडा धरून मागे जायचं, की तिथे त्या पाखराची हकिगत. कुठे राहतं, काय खातं, कसं ओरडतं. शामरावांनी त्या पुस्तकाला गार्डाच्या जुन्या हिरव्या झेंडीच्या कापडाचं कव्हर शिवून घेतलं, अर्थात गयाबाईंकडूनच, आणि मग दर रविवारी पहाटे सायकल बाहेर. गळ्यात दुर्बीण, पिशवीत पुस्तक, चार पोळ्या आणि कांदा. कधी तेलीबागच्या पलीकडची डबकी, कधी बस धरून नवाबगंजची झील. लढाईच्या वर्षी तर त्या दुर्बिणीपायी एका हवालदारानं त्यांना दोन तास चौकीत बसवून ठेवलं. सोडवायला गयाबाई गेल्या. म्हणाल्या, "भैया, ये जासूस होता तो कम से कम घर में तो कुछ बताता." हवालदार हसला आणि चहा पाजून त्यानं दोघांनाही परत पाठवलं.

पाखरू दिसलं की पुस्तकात त्याच्या चित्रापुढे पेन्सिलीनं खूण, तारीख आणि 'शा.' मग घरी येऊन मोठ्या वहीत नोंद. वहीत रकाने आखलेले. पाखराचं नाव, किती, कुठे, कधी. आणि शेवटचा रकाना, 'पाहणारा'. त्या शेवटच्या रकान्यात बावीस वर्षं वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. स्वतः.

तर यंदा, त्र्याऐंशी साली, त्या वहीला एकदम भाव आला. शहरात पाखरं बघणाऱ्यांची एक मंडळी होती, त्यांतले रमाकांतजी म्हणून कॉलेजातले मास्तर घरी आले. म्हणाले, लखनौच्या पाखरांची एक छोटी पुस्तिका काढतोय, खिशात मावेल अशी, नव्या पोरांच्या हातात द्यायला, आणि शामबाबूंच्या वहीसारखी भरोशाची वही अख्ख्या लखनौत नाही. शामराव महिनाभर संध्याकाळी टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात नक्कल उतरवत होते. पाच जूनच्या रविवारी चार वाजता रमाकांतजी ती न्यायला येणार होते. एकदा नेली की छापखान्यात.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, गयाबाई त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवून गेल्या नाहीत. उभ्या राहिल्या.

"काय लिहून राहिले?"

"शेवटचं पान."

"नीलाचं पाखरू टाकलं काय?"

शामरावांचं पेन थांबलं नाही. "कोणतं?"

"कोळशाच्या खोलीतलं."

आता थांबलं. "ते नाही टाकता येत."

"काहून?"

"मी पाहिलं नाही."

"लखनौत दुसऱ्या कोणाला देवानं डोळेच दिले नाहीत वाटते."

"देवाचं नाव आपण घेत नाही."

"मग निसर्गानं. निसर्गानं दिले नाहीत?"

"नियम आहे, अगं."

"कोणी केला?"

"मीच केला."

"मग तुम्हीच मोडा. एवढं एक."

शामरावांनी टीपकागद ओळीवर दाबला, उचलला, परत दाबला. "एका लहान पोरीच्या एकटीच्या सांगण्यावर नोंद घेत नसतात. कुठेच घेत नाहीत." आणि चहाचा कप उचलून त्यांनी तो गरम आहे का हे बोटानं बघितलं.

नीला त्यांची धाकटी. असती तर यंदा सोळाची झाली असती. दहाची असताना गेली, सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात, तीस तारखेला. ताप डोक्यात चढला. त्या साली त्या भागात खूप पोरं गेली. तिसऱ्या दिवशी तिनं आईला ओळखलं नाही आणि पाचव्या दिवशी गेली. गयाबाई तेव्हा रडल्या नाहीत. पुण्यानुमोदनाला सगळा समाज आला, भन्तेजी आले, बायका गळ्यात पडल्या, आणि गयाबाई बघत होत्या की पाणी सगळ्यांना पोचलं की नाही. बायका मागून म्हणाल्या, काळीज दगडाचं आहे. दगडाचं नव्हतं. चहानं जीभ भाजल्यावर होते तसं झालं होतं. गरम-थंड कळायचं, चव लागायची नाही. जीभ दोन दिवसांत बरी होते. ही सहा वर्षांत झाली नव्हती. थोरल्या विजयचं लग्न झालं, कांचनसारखी सून आली, त्या दिवशीही त्या पाणीच बघत होत्या.

एक मात्र होतं. राशनकार्डावरून नाव खोडलं गेलं, तेव्हा त्या तिथे रांगेत उभ्या होत्या. शाळेच्या रजिस्टरातून खोडलं, तो कागदही त्यांनीच आणला. रेल्वेच्या पासवरून खोडलं. सगळीकडून पोरीचं नाव कमी होत गेलं, आणि आता पहिल्यांदा कुठे तरी ते लिहिलं जाईल अशी एक जागा निघाली होती. एक ओळ. छापील. ती जागा रविवारी चार वाजल्यानंतर हातची जाणार होती आणि मग काही करता येणार नव्हतं. पाखरू खरं होतं की खोटं, याच्याशी गयाबाईंना शनिवारपर्यंत फारसं घेणं नव्हतं.

कारण ते खोटं आहे असं त्या स्वतःच बोलल्या होत्या.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या. नीला दिवसभर फरशीवर पालथी पडून ते हिरवं पुस्तक बघायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, गयाबाईंना तर नाहीच. दुसरीत शाळा सुटलेली; सही येत होती, आकडे येत होते, मराठी अक्षरं जोडून जोडून वाचता येत. तेव्हा आई-लेकींचं पुस्तक म्हणजे पुढची चित्रं. मागचा मजकूर शामरावांचा. ती वाटणी कोणी ठरवून केली नव्हती.

एकोणतीस मेला, रविवारी, शामराव झिलेवरून परतले तेव्हा पोरगी दारातच उभी. म्हणाली, बाबा, कोळशाच्या खोलीत पाखरू आलं होतं. शामरावांनी पाय धुतले, पंच्यानं पुसले, तिला भिंतीपाशी उभं केलं आणि गँगमनची चौकशी करावी तशी सुरू केली.

"किती अंतरावरून पाहिलं?"

"सात हात."

"किती वेळ?"

"दोनदा शंभर म्हणेपर्यंत."

"रंग?"

नीलानं बोटांवर मोजून सांगितले. पाठ हिरवी. खांद्यावर निळं. पोट खाकी-पिवळं. शेपटीखाली लाल. डोळ्यावरून काळी पट्टी, वर पांढरी भुवई. शेपूट म्हणाल तर जवळजवळ नाहीच, कोणी कापून नेल्यासारखी. बेडकासारखं उड्या मारत चालत होतं.

शामरावांनी पुस्तक उघडलं. पाखरू चित्रात होतं. नवरंग. एकूण एक रंग तोच.

"हे चित्र तू आधी पाहिलं होतंस?"

"हो."

"किती वेळा?"

"रोज."

"मग?"

"पण बाबा, उडालं तेव्हा पंखात पांढरं होतं. रुपयाएवढं. दोन्ही पंखांत."

शामरावांनी चष्मा पुसला, चित्र डोळ्यांजवळ नेलं. चित्रातलं पाखरू पंख मिटून फांदीवर बसलेलं. बराच वेळ त्यांनी बघितलं. "यात पांढरं कुठे आहे?"

पोरीनंही वाकून बघितलं. "नाहीये."

"मग?"

"पण होतं."

शामरावांनी पुस्तक मिटलं. "रंग पुस्तकातले आणि रुपया मनातला. खोटी नोंद आपण घेत नाही, नीला."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गयाबाई कैऱ्या सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता भर घातली, "बापाला शिकवू नको, पोट्टे. खोटं बोलून काय मिळते?"

नीला भांडली नाही. तिनं पुस्तक फळीवर ठेवलं, त्याचं हिरवं कव्हर सारखं केलं आणि त्यानंतर ते खाली काढलं नाही. जून गेला, शाळा लागली, सप्टेंबर आला.

या गोष्टीला सहा वर्षं आणि जवळजवळ एक आठवडा झाला होता. शनिवारी चहाचा रिकामा कप उचलताना गयाबाईंनी मनात एवढंच मोजलं.

त्या संध्याकाळी आँधी आली. लखनौची मे-जूनची आँधी म्हणजे आधी सगळं पिवळं होतं, मग काही दिसत नाही, आणि अर्ध्या तासानं शेजारच्यांच्या आंब्याच्या कच्च्या दशहऱ्या आपल्या अंगणात असतात. थेंब एक पडत नाही. शामराव म्हणाले, उद्या झिलेवर वाट चुकलेलं काही सापडेल, आणि पहाटे उठून निघून गेले. पुस्तक नेलं नाही. ते त्यांचं केव्हाच पाठ झालं होतं. टेबलावर वहीच्या शेजारी पडून होतं.

सकाळी गयाबाई खराटा घेऊन मागच्या अंगणात गेल्या. लिंबाचा पाला गुडघाभर साचलेला. कोळशाची खोली आता नावाची. गॅस आल्यापासून तिच्यात तुटकी बाज आणि विजयची जुनी सायकल. आँधीनं तिचं दार उपटून आडवं केलं होतं. ते दार उचलायला त्या वाकल्या आणि पाल्यात काही तरी टुणकन उडालं. बेडूक, त्यांना वाटलं.

मग ते वळलं.

गयाबाई वाकलेल्या होत्या तशाच राहिल्या. पाठ हिरवी. खांद्यावर निळं. पाखरू थकलेलं होतं, चोच उघडी, पाल्यात दोन उड्या मारायचं आणि थांबायचं. पोट खाकी-पिवळं. शेपटीखाली लाल, कुंकवाच्या हातानं धरल्यासारखं. डोळ्यावरून काळी पट्टी. गयाबाईंना ते रंग दिसत नव्हते, ऐकू येत होते, एकेक, बोटांवर मोजलेले, त्याच क्रमानं. त्यांनी अंतर बघितलं. सात हात नव्हतं, पाच असेल.

आत आपलं काही हलतंय का, हे त्यांनी थांबून बघितलं. काही हलत नव्हतं. कंबर दुखत होती.

"आई, चाय ठंडी हो रही है," म्हणत कांचन मागच्या दारात आली आणि पाखरू उडालं. खालून वर, भिंतीवरून, शेजारच्या आंब्यात. पंख उघडले तेव्हा दोन्ही पंखांत पांढरं लखलखलं. गोल. रुपयाएवढं.

कांचन निशातगंजच्या मराठी घरातली, जन्म लखनौचा. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. बी. ए. झालेली. विजय गोंड्याला ड्यूटीवर असला की घरातलं लिहिणं-वाचणं तिच्याकडे.

"ते हिरवं पुस्तक घेऊन ये," गयाबाई म्हणाल्या.

"बाबूजी का? वो किसी को छूने नहीं देते."

"मी किसी नाही."

पुस्तक आणल्यावर पान गयाबाईंनीच काढलं. आकडे बघायची गरज पडली नाही. त्या पानावर दहा पाखरं होती, नवांपुढे पेन्सिलीच्या खुणा आणि तारखा, एकापुढे काही नाही. नवरंग फांदीवर पंख मिटून बसलं होतं, बावीस वर्षं बसलं होतं तसंच.

"याच्या पायाशी सात लिहिलं आहे. मागे जा. सात काढ. वाच."

कांचननं मागची पानं उलटली, बोटानं ओळ धरली. "लिखा है... जंगल में, झाड़ियों के नीचे रहता है. ज़मीन पर फुदकता है, सूखे पत्ते पलटता है..."

"पुढे."

"मई-जून में सफ़र करते हुए थक जाता है तो कभी-कभी घरों में भी उतर आता है. गुसलखाने में, गोदाम में. और... उड़ते समय दोनों पंखों में सफ़ेद गोल धब्बा साफ़ दिखता है."

"परत वाच."

"उड़ते समय पंखों में सफ़ेद गोल धब्बा."

"साफ?"

"हाँ आई, साफ़." मग कांचन पुस्तक उजेडाकडे धरून म्हणाली, "बाबूजी ने इसी लाइन के नीचे पेन्सिल फेरी है. देखिए. यहाँ मार्क भी किया है."

गयाबाईंनी पुस्तक हातात घेतलं. ओळीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. पण ओळीखालची रेघ पट्टी लावून मारलेली होती, आणि अशी रेघ घरात एकच माणूस मारत होता. समासात बरोबरची खूण. तिच्यापुढे 'शा.' आणि तारीख. आकडे त्यांना येत होते. वीस, अकरा, सत्त्याहत्तर.

त्यांनी पेरांवर मोजलं. तीस सप्टेंबरपासून वीस नोव्हेंबर. एक्कावन्न दिवस.

तो रविवार कसा होता, हे आठवून बघायचा त्यांनी प्रयत्न केला. त्या दिवशी शामराव टेबलाशी बसले असतील, पट्टी घेतली असेल, पेन्सिलीला टोक केलं असेल. आपण तेव्हा कुठे होतो? पोळ्या करत असू. कपडे वाळत घालत असू. काही आठवलं नाही. त्या सालचे सगळे दिवस एकाच भांड्यात ओतल्यासारखे झाले होते, वेगळे काढता येत नव्हते. एकच दिवस वेगळा निघाला, तो कालचा. काल शामरावांनी सगळं सांगितलं, नियम सांगितला, लहान पोरगी सांगितली, एकटीचं सांगणं सांगितलं. खोटं हा शब्द काल त्यांनी उच्चारला नव्हता.

"आई, आप ठीक तो हैं?"

"मला काय झालं? कणीक मळ. ते येतील बारापर्यंत."

शामराव साडेबाराला आले. तोंड लूच्या झळांनी लाल झालेलं. पाय धुतले, पंच्यानं पुसले, पाटावर बसले. झिलेवर नवीन काही नव्हतं म्हणाले. गयाबाईंनी वाढलं. दोन पोळ्या झाल्या, तिसरी वाढली. कैरीचं लोणचं वाढलं. नवऱ्याचं पोट भरेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून शामरावांनी दोनदा वर बघितलं. हात धुऊन ते टेबलाशी आले तेव्हा हिरवं पुस्तक तिथे उघडून ठेवलेलं होतं. मागचं पान.

"सकाळी होतं," गयाबाई म्हणाल्या. "कोळशाच्या खोलीत."

ज्या माणसानं सख्ख्या मेव्हण्याला चष्मा लावून ओळखलं, त्यानं चष्म्याच्या डबीकडे हात नेला नाही. पानाकडेही बघितलं नाही.

"उडालं तेव्हा पंखात पांढरं," शामराव म्हणाले. विचारलं नव्हतं त्यांनी, सांगितलं होतं.

"हो."

घड्याळात दीड वाजला होता. पंखा खडखडत होता. शामराव खुर्चीवर बसले. नकलेचं शेवटचं पान पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि जागा सोडलेली होती तिथे लिहू लागले. गयाबाई बाजूला उभ्या राहून अक्षरं जोडत गेल्या. नवरंग. एक. आलमबाग, क्वार्टरचं अंगण. पाच, सहा, त्र्याऐंशी. शेवटच्या रकान्यात पेन जरा थांबलं. मग लिहिलं, गयाबाई.

"तुझं नाव घातलं," ते म्हणाले. "या वहीत दुसऱ्याचं नाव पहिल्यांदा."

"माझं खोडा."

"ऐक ना. हे आजचं आहे, मोठ्या माणसानं पाहिलेलं आहे. कोणी विचारलं तर उत्तर देता येईल. पाखरू यादीत येतंय, तेच तर पाहिजे होतं ना तुला?"

"खोडा."

त्या नकलेत एकही खाडाखोड नव्हती. शामरावांनी पट्टी घेतली, अख्ख्या ओळीवर सरळ रेघ मारली, रेघेच्या टोकाशी सही केली. खालच्या ओळीवर परत लिहिलं. नवरंग. एक. आलमबाग, कोळशाची खोली. तारीख लिहिताना ते अडले नाहीत, जुनी वही उघडली नाही, कॅलेंडर शोधलं नाही. एकोणतीस, पाच, सत्त्याहत्तर. पाहणारा, नीला.

"वय लिहू?"

"लिहा."

त्यांनी कंसात दहा लिहिलं. टीपकागद दाबला. मग तो तिथेच धरून, कागदाकडे बघत, बोलायला लागले. सावकाश, रुळांचा अहवाल सांगावा तसं.

"त्या दिवशी मी मागचं पान उघडलं नव्हतं. चित्रात नाही म्हणजे नाही, असं वाटलं. चित्र मिटल्या पंखांचं आहे हे डोक्यात आलं नाही. नंतर उघडलं. दुसरंच काही शोधत होतो, तर ते दिसलं. तिला सांगायचं होतं, पण ती नव्हती. मग तुला सांगून काय होणार, असं वाटलं. तू त्या वेळी काही बोलतच नव्हतीस. मला वाटलं, तू विसरलीस."

गयाबाई कागदावर वाकल्या होत्या. त्या ती ओळ बघत होत्या. पोरीचं नाव काळ्या शाईत, गोल अक्षरात. यासाठीच कालपासून जीव अडकला होता, आता लिहिलं गेलं होतं, आणि जीभ तशीच होती. शाई वाळून काळ्याची जरा निळसर झाली, तेवढं त्यांना दिसलं.

चारला दहा कमी असताना बाहेर रिक्षाची घंटी वाजली. कांचन पडद्याआडून म्हणाली, "बाबूजी, रमाकांतजी आ गए हैं. बिठाऊँ?"

"बिठाओ," शामराव म्हणाले. त्यांनी नकलेची पानं एकत्र केली, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या, सुतळी बांधली. उठताना त्यांनी बायकोकडे बघितलं. तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं तसं, काही मागायला आल्यासारखं.

"झालं?"

गयाबाईंनी हिरवं पुस्तक मिटलं, त्याचं कव्हर चारी कोपऱ्यांनी सारखं केलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"तुमचं कागदावर सगळं बरोबर असते. खूण, तारीख, सही. त्या दिवशी मीबी तिला खोटी म्हणाले, ते माझ्यावर आहे, ते मी घेऊन मरीन. पण मला मागचं पान वाचता येत नव्हतं, विजूचे बाबा. तुम्हाला येत होतं."